रानमाणसाच्या पायाचं माप

आमच्या ह्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. एकदा सख्खा मावसभाऊ दारात उभा होता, तर ह्यांनी त्याला विचारलं, कोण हवंय आपल्याला? तो बिचारा ओशाळून आत आला, बूट काढले, मोजे काढले, तेव्हा कुठे ह्यांना ओळख पटली. वर त्यालाच म्हणाले, अरे तू होय, मग असा परक्यासारखा काय उभा राहिलास? त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख आत वळलेलं आहे, हे मात्र ह्यांना वीस वर्षांनंतरही पाठ होतं. आमच्या लग्नाची तारीख विचारून बघा, तोंड वासून बसतील.

हे इस्पितळात असतात. डॉक्टर नाहीत, हे मीच आधी सांगून टाकते, कारण ते स्वतः सांगत नाहीत. इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याच्या शेजारी एक लांबट खोली आहे. तिथे हे तीस वर्षं बूट करतात. कुणाचा पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची बोटं अपघातात गेलेली, अशा सगळ्यांना वरचे डॉक्टर खाली पाठवतात. हे पायाचा प्लॅस्टरमध्ये ठसा घेतात, ठशावरून लाकडी साचा कोरतात आणि साच्यावर चामडं ओढून बूट शिवतात. भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पायांच्या जोड्या, प्रत्येक जोडीला चिठ्ठी. मी पहिल्यांदा ती खोली बघितली तेव्हा दारातूनच मागे फिरले. सगळं इस्पितळ ह्यांना बूटमास्तर म्हणतं.

कामात ह्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे मी भांडणाच्या भरातसुद्धा मान्य करते. पण त्याचा तोरा किती मिरवावा? 'माझा जोड आजवर परत आलेला नाही,' हे वाक्य दिवसातून तीनदा तरी ऐकायचं. दुसरी खोड त्याहून वाईट. धडधाकट पाय म्हणून जगात काही असतं, हे ह्यांना मान्यच नाही. ज्याच्या त्याच्या पायात खोट. कुणाचा चवडा पसरलाय, कुणाची कमान बसलीय, कुणी टाच घासत चालतंय. आमच्या टपालवाल्याला ह्यांनी सलग चार दिवस जिन्यात थांबवून घोट्याबद्दल सुनावलं. तेव्हापासून तो पत्रं खाली भिंतीच्या कोनाड्यात ठेवून पळ काढतो.

आमची पहिली भेट झाली तेव्हा हे अर्धा तास मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, किती लाजाळू, किती सालस माणूस. कसलं काय. माप घेत होते. लग्नानंतर महिन्याभरात ह्यांच्या हातचा जोड माझ्या पायात आला आणि पुढे दर दोन वर्षांनी नवा येत राहिला. शेजारणी मला भाग्यवान म्हणायच्या. मी मूग गिळून बसायचे.

तर अशा ह्या माणसाकडे एक दिवस प्राध्यापक आले. विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचे. उंच, वाकलेले, आणि हातात एक खोका, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले सतरा प्लॅस्टरचे ठसे. ते मुळात वर हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी खोक्यात डोकावून बघितलं आणि पीडा टळावी म्हणून त्यांना तळघराचा जिना दाखवला.

गावाच्या वरच्या बाजूला जे डोंगर आहेत, तिथल्या रानात रानमाणूस आहे असं लोक फार पूर्वीपासून म्हणतात. दोन पायांवर चालतो, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत केसच केस, तोंड कुणी पाहिलेलं नाही, हाक मारली तर झाडीत शिरतो. प्राध्यापक बावीस वर्षं त्याच्या मागे होते. त्यांनी केसांच्या अकरा पुड्या तपासून घेतल्या होत्या. सात अस्वलाच्या निघाल्या, तीन बकरीच्या आणि एक पायपुसण्याची. विद्यापीठात लोक त्यांना बघून एकमेकांना कोपर मारायचे. निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि आता त्यांची सगळी भिस्त ह्या खोक्यावर होती.

ह्यांनी ठसे टेबलावर मांडले, दिवा खाली ओढला आणि भाजी निवडावी तसे ते निवडायला लागले. अकरा ठसे एका बाजूला सारले. अस्वल. अस्वल चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर अर्धवट टाकतं, दोन्ही मिळून एक लांबलचक माणसासारखा पाय दिसतो. शिवाय त्याचं सर्वांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला असतं, आपल्या करंगळीच्या जागी. प्राध्यापकांना हे सगळं माहीत होतं, पण माहीत असणं आणि मान्य करणं ह्यात बावीस वर्षांचं अंतर होतं. मग ह्यांनी आणखी चार बाजूला केले. हे चारही उजवे आहेत, म्हणाले, आणि चारही हुबेहूब एकच. लाकडाचा पाय करून कुणीतरी तुमची टिंगल केलीय. कोरलाय मात्र बरा.

उरले दोन. एक डावा, एक उजवा, एकाच पायवाटेवरचे. त्यांच्यापाशी ह्यांचा हात थांबला. त्या पायांची बोटं पंख्यासारखी पसरलेली होती आणि अंगठा बाकीच्या बोटांपासून चांगला दोन बोटं लांब. प्राध्यापक म्हणाले की हा झाडाची फांदी धरणारा अंगठा आहे, हा आपल्यासारख्या माणसाचा नाहीच. आमच्या ह्यांनी साफ उडवून लावलं. टाच बघा, म्हणाले, कमान बघा, वजन कसं पडलंय ते बघा. हा माणूस आहे. अंगठा निखळलाय, चवडा पार पसरलाय, बिचारा दुखऱ्या पायानं रानात फिरतोय आणि तुम्ही त्याचा वंश शोधताय.

त्या दिवशी दोघांचं जे वाजलं, ते वाजतच राहिलं. दर गुरुवारी प्राध्यापक आमच्या घरी येऊ लागले. चहा माझा, साखर माझी, वाद त्यांचा. एका गुरुवारी रानमाणूस म्हणजे हिमयुगातून उरलेली माणसाची जुनी जात असायची, पुढच्या गुरुवारी दोन पायांवर चालायला शिकलेला वानर, त्याच्या पुढच्या गुरुवारी लाखो वर्षांपूर्वी आपल्यापासून फुटलेली भावकी. मी म्हटलं, भावकी असेल तर तो तोंड लपवतो ह्यात नवल काय? प्राध्यापकांनी ते वहीत टिपून घेतलं. माणूस भला होता, पण विनोद त्याला कळत नसे.

पुढे मात्र गंमत संपली. विद्यापीठाच्या समितीनं त्यांच्या मोहिमेला परवानगी दिली. महिन्याभरात एक तुकडी जाळी घेऊन वर जाणार होती आणि सोबत गुंगीची सुई मारणारी बंदूक. आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, सुईत औषध किती भरणार? प्राध्यापक म्हणाले, अस्वलाएवढं. तेवढ्या अंगाचं जनावर असणार असा त्यांचा हिशेब होता.

"आणि माणूस असला तर?" ह्यांनी विचारलं.

प्राध्यापकांनी बशी हळूच बाजूला सारली. "तर तो बहुधा उठणार नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या ह्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. नुसते हातात ते दोन ठसे घेऊन बसायचे. मला आधी राग यायचा, खोटं कशाला बोलू. माझ्या पायांकडे इतक्या मायेनं कधी बघितलं नव्हतं. पण एकदा ते म्हणाले, अगं, त्याला कळणारसुद्धा नाही आपल्याला काय टोचलं ते. आणि त्यांचा आवाज असा बसला की माझा राग कुठल्या कुठे गेला.

शेवटी ह्यांनी डोकं लढवलं. प्राध्यापकांना म्हणाले, मी ह्या पायांना बूट करतो. त्या पायवाटेवर ठेवू. जनावर बूट घालत नाही. घातले तर माणूस, मग तुमची बंदूक घरी. प्राध्यापकांना प्रयोग म्हटला की नाही म्हणवत नसे. त्यांनी हात पुढे केला.

पंधरा दिवस ह्यांनी त्या जोडावर जीव ओतला. मऊ चामडं आणलं, आतून लोकरीचं अस्तर, निखळलेला अंगठा जागेवर यावा म्हणून आत चामड्याची छोटी गादी. प्लॅस्टर वाळताना फुगतं, म्हणून मापातून दोन सूत कमी धरायचं हा ह्यांचा जुना नियम, तो इथेही लावला. बूट तयार झाले तेव्हा टेबलावर ठेवून दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, बघ, पाय ठेवला की रडेल सुखानं.

रविवारी आम्ही तिघं वर गेलो. ओढ्याकाठी जिथे ठसे सापडले होते, तिथे वाटेच्या मधोमध बूट ठेवले. दोन दिवसांनी प्राध्यापक बघून आले. बूट वाटेवर नव्हते, शेजारच्या झाडाच्या बेचक्यात होते, टाचेला टाच लावून ठेवलेले. तळ कोरे, मातीचा कण नाही. प्राध्यापक म्हणाले, माकडांचं काम. पुन्हा वाटेवर ठेवले. पुन्हा बेचक्यात. तिसऱ्यांदा तेच. आमचे हे रोज संध्याकाळी प्राध्यापकांच्या फोनची वाट बघत बसायचे आणि फोन ठेवला की आत जाऊन पडायचे.

मग मोहीम निघण्याआधीची समितीची बैठक आली, बंदूक न्यायची की नाही ते ठरवायला. मोठं दालन, लांब टेबल, आणि टोकाला अध्यक्षीणबाई. मी ठशांचा खोका आणि तो जोड मांडीवर घेऊन भिंतीकडच्या खुर्चीत बसले होते. कारण ह्यांचा खांदा दुखत होता आणि दुसऱ्या कुणाच्या हातात ते खोका द्यायला तयार नव्हते. प्राध्यापकांनी सगळा प्रयोग प्रामाणिकपणे सांगितला, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. अध्यक्षीणबाईंनी ह्यांना शांतपणे विचारलं की तुमच्या मते हा दुखऱ्या पायाचा माणूस आहे, बूट तुम्ही स्वतः केलेत, मापाचे केलेत, मऊ केलेत. मग माणूस असता तर त्यानं ते घातले नसते का?

मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. माप चुकलं असेल म्हणतील. एवढं एकच वाक्य हवं होतं. पण तीस वर्षांत ते वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, ते तिथे कुठून निघणार? हे उभे राहिले, टेबलाची कड धरली आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "घातले असते. माझे बूट घातले नाहीत म्हणजे माणूस नसेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या बुटावर एवढा भरवसा, की त्यापायी एका जिवाला जनावर ठरवून मोकळे. ज्याच्यासाठी अन्न सोडलं, त्यालाच. सव्वीस वर्षं जी गोष्ट मी पोटात ठेवली होती, ती मग तिथे, त्या परक्या माणसांसमोर बाहेर पडली. मला अजून त्याचं वाईट वाटतं. पण त्या क्षणी दुसरा इलाज नव्हता.

मी उठले आणि टेबलापाशी गेले. म्हटलं, मी ह्यांची बायको. सव्वीस वर्षांत ह्यांनी मला तेरा जोड करून दिले. घरातून निघताना मी ते घालते, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाआड गेले की काढून पिशवीत टाकते आणि साध्या रबरी चपला घालते. येताना पुन्हा बूट. मग मी पिशवीतून चपला काढून टेबलावर ठेवल्या, पायातले बूट काढले आणि माझ्या करंगळ्या सगळ्यांना दाखवल्या. वाकलेल्या, घट्टे पडलेल्या. ह्यांना त्या दिसत नव्हत्या असं नाही. ह्यांचं म्हणणं, तुझ्या आईच्या घराण्यातच करंगळी वाकडी.

"माझ्या आईची करंगळी सरळ होती," मी म्हटलं. "मी माणूस आहे आणि मी ह्यांचे बूट घालत नाही. बंदूक आणलीच असेल तर आधी मला सुई मारा."

कुणी हसलं नाही. अध्यक्षीणबाईंनी माझ्या करंगळीकडे बघितलं, मग टेबलाखाली स्वतःच्या पायांकडे, आणि कागदावर लिहिलं की प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बंदूक वर न्यायची नाही. मला हायसं वाटलं. आमच्या ह्यांच्याकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही.

घरी येताना हे माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. औषधाच्या दुकानापाशी आल्यावर थांबले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या जोडापासून."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा जोड केला असता."

त्यानंतर आठवडा असाच गेला. रविवारी हे आपणहून उठले, म्हणाले, चल वर. प्राध्यापकांनाही बोलावलं. आम्ही ओढ्याजवळच्या मोठ्या खडकामागे बसलो. दुपार कलली तेव्हा वरच्या वाटेनं तो उतरताना दिसला. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पिंगट केस, हलत डुलत, दोन पायांवर. प्राध्यापकांनी माझं मनगट असं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. आमचे हे फक्त खाली बघत होते, त्या पायांकडे.

ओढ्यापाशी येऊन रानमाणूस थांबला, वाकला आणि त्यानं सगळे केस जमिनीवर उतरवून ठेवले. वाळक्या गवताचा भारा होता. त्याखालून साठीची, काटक, घामेजलेली एक बाई निघाली आणि पदरानं तोंड पुसायला लागली. प्राध्यापक खडकामागून उठून उभे राहिले. बावीस वर्षांनी भेट झाली, आणि त्यांनी काय करावं, तर नमस्कार केला.

ती मावशी घाबरली वगैरे नाही. डोंगरापलीकडच्या वाडीतून गवत आणते, म्हणाली, आई आणायची, आजी आणायची. भारा तोंडावर असला की समोरचं दिसत नाही, कुणी ओरडलं तर बाजूला झाडीत सरकायचं, धक्का नको लागायला. बुटांचं मी विचारलं. तर म्हणाली की कुणाचे तरी नवे कोरे बूट वाटेत पडले होते, तो शोधत येईल बिचारा, तोवर दवानं भिजू नयेत म्हणून झाडावर ठेवले, आणि कोण मेला पुन्हा पुन्हा खाली टाकतो कोण जाणे. प्राध्यापकांनी मान खाली घातली.

ह्यांनी तिला विचारलं, पाय दुखतात का? ती म्हणाली, का दुखतील? मग हे तिच्यासमोर गवतावर बसले आणि पाय बघू का म्हणाले. तिनं हसत पाय पुढे केला. ह्यांनी टाच दाबली, कमान दाबली, एकेक बोट हलवून बघितलं. घट्टा नाही, सूज नाही, बोट बोटावर चढलेलं नाही. अंगठा निखळलेला नव्हताच. जन्मात बूट न घातलेल्या पायाचा अंगठा तसाच असतो, मोकळा. हे माझ्याकडे वळून हळूच म्हणाले की तीस वर्षं मी बुटातून निघालेलेच पाय बघितले गं. मला इतकं भरून आलं की मी ओढ्याकडे तोंड फिरवलं.

"माझा बघितलात," मावशी म्हणाली. "आता तुमचा दाखवा की, दादा."

हे जरा घुटमळले. मग बूट काढले, मोजे काढले. ह्यांचे बूटही ह्यांनीच केलेले, अर्थातच. मावशी वाकून बघत राहिली. तिच्या तोंडावरचं हसू गेलं.

"अगंबाई, हे कुणी केलं तुम्हाला?"

ह्यांनी आपली बोटं एकदा हातानं चाचपली. मग म्हणाले, "मीच केलं."

ती म्हणाली, ओढ्यात घाला पाय, बरं वाटेल. हे उठले आणि ओल्या चिखलातून पाण्यात गेले. मागे सहा पावलं उमटली. प्राध्यापक त्यांच्यावर ओणवे झाले. एकमेकांवर चढलेली बोटं, बसलेली कमान, आत वळलेला अंगठा. त्यांनी सवयीनं पट्टी काढली आणि पुटपुटले की हा ठसा मला रानात सापडला असता तर मी माणूस म्हटलंच नसतं. मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टर काढलं.

तो ठसा आता विद्यापीठाच्या कपाटात आहे. निवृत्तीच्या दिवशी प्राध्यापकांनी आम्हा दोघांना तो दाखवायला नेलं. खाली त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: नर, प्रौढ, दोन पायांवर चालतो, मूळ अज्ञात. मी पोट धरून हसले, आणि विनोद न कळणारे प्राध्यापकही हसले. ह्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, बरोबर लिहिलंय.